पितळी वाद्यांची कुजबुज

तुतारी, शिंग, कर्णा हीं वाद्यें कोणाच्या कानांत हळूच कांहीं सांगण्यासाठीं निर्माण झालेलीं नाहींत. राजाची स्वारी आली, देवाची पालखी निघाली, लढाईस तोंड लागलें, म्हणजे तें गांवभर कळावें, हें त्यांचें काम. पाश्चात्त्यांचा ट्रंपेट त्याच कुळांतला. परंतु १९६२ सालीं न्यूयॉर्क शहरांत एका ट्रंपेटवादकानें असल्या वाद्यांचा मोठा ताफा जमवून त्याच्याकडून जें संगीत तबकडीवर वाजवून घेतलें, तें मुळांत शेजाऱ्याची झोप मोडूं नये इतक्या हलक्या आवाजांत गावयाचें संगीत होतें. त्या तबकडीचें नांव 'बिग बँड बॉसा नोव्हा' आणि तिचा कर्ता क्विन्सी जोन्स. त्या वेळीं त्याचें वय एकोणतीस वर्षांचें होतें आणि डोक्यावर कर्जाचा बोजा होता.

या तबकडीवरील पहिलीच रचना, 'सोल बॉसा नोव्हा', असंख्य लोकांच्या कानांवरून गेलेली आहे. १९९७ सालच्या 'ऑस्टिन पॉवर्स' या विनोदी इंग्रजी चित्रपटाच्या आरंभीं नायक रस्त्यांतून नाचत जातो, तो याच सुरांवर. ऐकणारांपैकीं पुष्कळांना रचनाकाराचें नांव ठाऊक नसतें. पण बॉसा नोव्हा म्हणतात तो हाच, अशी त्यांची समजूत होऊन बसते. ही समजूत कोठवर खरी आहे हें पाहावयाचें, तर आधीं ब्राझील देशाकडे वळावयास हवें.

ब्राझीलच्या रस्त्यावरचा ताल म्हणजे सांबा. आफ्रिकेंतून गुलाम करून आणलेल्या लोकांच्या वंशजांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं रिओ द जानेरो शहरांत त्याला रूप दिलें, आणि कार्निव्हलच्या दिवसांत तो तेथें मिरवणुकांतून शेंकडों ढोलांवर वाजतो. (आपला संबळ आणि त्यांचा सांबा या नांवांतील साम्य कानापुरतेंच आहे; त्यावरून कोणीं सोयरीक जुळवूं नये.) सांब्याचा ताल दोन मात्रांचा. आपल्या कानाला पहिल्या मात्रेवर, समेवर, वजन ऐकण्याची संवय आहे. तेथें पहिली मात्रा हलकी जाते आणि सुर्डो नांवाचा मोठा ढोल दुसरीवर घुमतो. त्याच वेळीं तांबोरीं नांवाचें, घुंगरांवांचूनच्या खंजिरीसारखें, एक लहानसें वाद्य काठीनें वाजत असतें. त्याचे ठोके नेमके मात्रेवर न पडतां मात्रेच्या किंचित् अलीकडे नाहीं तर पलीकडे पडतात. एक वाद्य जमिनीवर पाय रोवून उभें आणि दुसरें सारखें निसटूं पाहणारें, या ओढाताणींतून ऐकणाराचे पाय आपोआप हालूं लागतात.

या ताफ्यांत आणखी एक विलक्षण वाद्य असतें, त्याचें नांव कुईका. एका बाजूनें चामडें मढविलेला लहानसा ढोल. चामड्याच्या मध्याला आंतल्या अंगानें एक बारीक काडी बांधलेली. वादक आंत हात घालून ओल्या फडक्यानें ती काडी चोळतो आणि दुसऱ्या हाताच्या बोटानें बाहेरून चामडें दाबून स्वर वर-खालीं करतो. त्यांतून निघणारा आवाज कधीं खिदळल्यासारखा, कधीं कण्हल्यासारखा, तर कधीं माकडाच्या चीत्कारासारखा असतो. आपल्या दारीं येणारा नंदीबैलवाला चामड्यावर वांकडी काठी घासून जो 'गुबुगुबु' नाद काढतो, तो ज्यांनीं ऐकला असेल त्यांना घर्षणानें चामडें कसें बोलतें याची कल्पना आहे. कुईका त्याहून पुष्कळ अधिक बोलकी आणि अधिक आगाऊ. हें वाद्य ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचें काम आहे.

आतां बॉसा नोव्हाकडे. १९५० नंतर रिओच्या कोपाकबाना आणि इपनेमा या समुद्रकांठच्या वस्त्यांतील उंच इमारतींत राहणारीं, शिकलेल्या मध्यमवर्गांतील, अमेरिकन जाझच्या तबकड्या ऐकणारीं तरुण मुलें संध्याकाळीं एकमेकांच्या घरीं गिटारी घेऊन जमूं लागलीं. नारा लिआंव या तरुण गायिकेच्या आई-बापांचें कोपाकबानांतील घर हें त्यांतलें प्रसिद्ध ठिकाण. ढोल वाजवावयाचे तर रस्ता हवा, मिरवणूक हवी. भिंतीपलीकडे शेजारी असतांना तें कसें जमावें? जागेच्या अडचणीनें संगीताला वळण लागतें तें असें. मुंबईच्या चाळींत पहांटे रियाज करूं पाहणाऱ्या गवयाला ही अडचण कोणीं समजावून सांगावयास नको.

त्यावर तोड काढली ती बाहिया प्रांतांतून आलेल्या जुआंव जिल्बेर्तो या गायकानें. त्याला कांहीं वर्षें रिओंत यश आलें नाहीं. तेव्हां तो शहर सोडून गेला आणि दियामांतीना गांवीं बहिणीच्या घरीं, न्हाणीघरांत बसून, तासन् तास एकच गोष्ट घोटीत राहिला, असें सांगतात. न्हाणीघर कशासाठीं, तर तेथें भिंतींवरून आवाज परत येतो आणि हलका स्वरहि नीट ऐकूं येतो. तेथें सिद्ध झालेली युक्ति साधी आणि अपूर्व होती: उजव्या हाताच्या अंगठ्यानें गिटारीच्या जाड तारांवर सुर्डोचा ठोका धरावयाचा आणि उरलेल्या बोटांनीं तांबोरींचे निसटते ठोके द्यावयाचे. साऱ्या मिरवणुकीचा ताल सहा तारांवर आला. वर गाणें गावयाचें तें बोलण्याच्या आवाजांत, स्वर न थरथरवितां, तालाच्या जरा पुढें-मागें रेंगाळत. 'बॉसा' या शब्दाचा बोलभाषेंतला अर्थ लकब, हातोटी. 'नोव्हा' म्हणजे नवी. १९५८ च्या जुलै महिन्यांत जिल्बेर्तोनें 'शेगा द सौदाद' हें गाणें मुद्रित केलें, आणि जेमतेम दोन मिनिटांच्या त्या गाण्यानें ब्राझीलमधील तरुणांच्या हातांत गिटार दिली. चाल आंतोनियो कार्लोस जोबिमची, शब्द व्हिनिसियस द मोराइस या कवीचे. हा कवि परराष्ट्र खात्यांतला अधिकारी होता. गाण्याच्या नांवाचा अर्थ, 'पुरे झाली आतां ही हुरहूर'. 'सौदाद' या पोर्तुगीज शब्दाला मराठींत नेमका प्रतिशब्द नाहीं. पण गोमंतकांत तो शब्द घरोघर माहीत आहे आणि तेथील वाचकाला त्याचा अर्थ सांगण्याचें कारण नाहीं.

असें हें चार भिंतींचें संगीत अमेरिकेंत पोंचलें तें जाझवाल्यांच्या मार्फत. चार्ली बर्ड हा गिटारवादक १९६१ सालीं अमेरिकन सरकारच्या वतीनें दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला होता. तेथें ऐकलेलीं गाणीं तो बरोबर घेऊन आला. १३ फेब्रुवारी १९६२ रोजीं त्यानें स्टॅन गेट्झ या सॅक्सोफोनवादकासह वॉशिंग्टनच्या एका ख्रिस्ती प्रार्थनामंदिरांत 'जाझ सांबा' नांवाची तबकडी मुद्रित केली. ती इतकी खपली कीं १९६३ च्या मार्चमध्यें अमेरिकेंतील खपाच्या यादींत अग्रस्थानीं जाऊन बसली. मग काय विचारतां! ज्या कंपनीला तबकड्या काढावयाच्या होत्या तिला बॉसा नोव्हा हवा झाला. त्या नांवाचा नाच निघाला, इंग्रजी गाणीं निघालीं. २१ नोव्हेंबर १९६२ रोजीं न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्यें ब्राझीलहून आलेल्या खुद्द जोबिम, जिल्बेर्तो प्रभृति कलावंतांचा जलसा झाला. क्विन्सी जोन्सची तबकडी या लाटेवर स्वार होण्यासाठींच मर्क्युरी कंपनीनें काढली, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. नांवहि एकट्या तिचेंच नव्हतें. त्याच वर्षीं गेट्झनें गॅरी मॅक्फार्लंडच्या ताफ्याबरोबर 'बिग बँड बॉसा नोव्हा' याच नांवाची दुसरी तबकडी केली, आणि जिम हॉल हा एकच गिटारवादक दोन्हींत वाजवितो!

बाजाराच्या घाईंत केलेली वस्तु टिकाऊ होत नाहीं असा अनुभव आहे. ही टिकली. त्याचें कारण कळण्यासाठीं जोन्सचें पूर्वायुष्य थोडें पाहिलें पाहिजे.

क्विन्सी जोन्स १४ मार्च १९३३ रोजीं शिकागो शहरांत कृष्णवर्णी वस्तींत जन्मला. आई मनोविकारानें घरापासून तुटलेली, बाप सुतारकाम करणारा. पुढें बाप मुलांना घेऊन पॅसिफिक महासागराच्या बाजूस वॉशिंग्टन संस्थानांत गेला. अकराव्या वर्षीं क्विन्सी मित्रांबरोबर एका सार्वजनिक करमणूक-केंद्रांत रात्रीं चोरून शिरला, तो लिंबाच्या गोड पक्वान्नावर हात मारण्यासाठीं. अंधारांत एका खोलीचें दार उघडलें तों आंत पियानो दिसला. बोटें ठेवलीं, आणि आपल्याला जन्मभर काय करावयाचें तें त्या क्षणीं कळलें, असें तो पुढें सांगत असे. त्यानंतर हातीं आला ट्रंपेट.

ट्रंपेटचे धडे मिळाले त्याची हकीकत जाझवाल्यांत आवडीनें सांगितली जाते. क्लार्क टेरी हा थोर ट्रंपेटवादक काउंट बेसीच्या ताफ्यांतून सिएटल शहरीं आला होता. शाळकरी क्विन्सीनें त्याला गांठून शिकविण्याची विनंति केली. टेरीचें वादन रात्रीं उशिरां संपे. मुलाला दिवसा शाळा. मग मुलानें पहांटे, शाळेपूर्वीं यावें आणि नुकत्याच अंथरुणाला टेकलेल्या गुरूनें उठून ओठ कसे धरावे तें दाखवावें, असा क्रम ठरला. आपल्याकडे गुरुगृहीं पाणी भरून विद्या मिळविणाऱ्या गवयांच्या गोष्टी ज्यांनीं ऐकल्या आहेत, त्यांना येथें परकें कांहीं वाटणार नाहीं. फरक इतकाच कीं येथें कष्ट गुरूनें उपसले.

पुढें लायोनेल हँप्टनच्या ताफ्यांत ट्रंपेट वाजवीत तो युरोप पाहून आला. १९५६ सालीं डिझी गिलेस्पीच्या ताफ्यांत वादक आणि संगीत-व्यवस्थापक म्हणून तो अमेरिकन सरकारच्या दौऱ्यावर निघाला. ढाका आणि कराची हीं शहरें त्याच दौऱ्यांतलीं. त्याच वर्षीं ताफा दक्षिण अमेरिकेंतहि गेला. ब्वेनोस आयरीसला लालो शिफ्रिन हा तरुण पियानोवादक भेटला. रिओंत गिलेस्पीनें सांबा-वादकांबरोबर वाजविलें. जोन्सच्या कानांत सांबा पडला तो असा, बॉसा नोव्हाची पहिली तबकडी निघण्याच्या दोन वर्षें आधीं आणि तोहि ढोलांसकट. १९५७ सालीं त्यानें पॅरिसमध्यें नादिया बूलांजे या विख्यात शिक्षिकेपाशीं रचनाशास्त्राचा अभ्यास केला.

मग ओढवलें संकट. 'फ्री अँड ईझी' या संगीत नाटकासाठीं त्यानें अठरा-वीस निवडक वादकांचा ताफा बांधला. क्लार्क टेरी ड्यूक एलिंग्टनचा प्रतिष्ठित ताफा सोडून शिष्याच्या ताफ्यांत आला. नाटक १९६० च्या आरंभीं पॅरिसमध्यें बंद पडलें. शहाणा मनुष्य परतीचीं तिकिटें काढता. जोन्सनें ताफा मोडला नाहीं. वादक आणि त्यांचीं बायकामुलें मिळून तीसएक माणसें घेऊन तो महिनोन् महिने युरोपांत गांवोगांव कार्यक्रम मिळवीत हिंडला. आज येथें, उद्यां तेथें, पैसा नेहमीं मागें. अखेर घरीं परतण्यासाठीं स्वतःच्या रचनांचे हक्क विकण्याची पाळी आली, आणि त्याच्या सांगण्याप्रमाणें सुमारें दीड लाख डॉलर कर्ज अंगावर राहिलें. त्या दिवसांत जीव देण्याचा विचारहि मनांत येऊन गेला, असें त्यानें नंतर सांगितलें आहे. संगीत ही एक गोष्ट आणि संगीताचा धंदा ही दुसरी, हा धडा तेथें मिळाला. मर्क्युरी कंपनीचा चालक अर्व्हिंग ग्रीन यानें हात दिला आणि जोन्स न्यूयॉर्कमध्यें त्या कंपनीच्या नोकरींत शिरला. 'बिग बँड बॉसा नोव्हा' ही या नोकरदाराची, कर्ज फेडीत असलेल्या माणसाची कृति आहे. बिग बँडचा तो जीवापाड जपलेला ताफा फुटला होता; आतां मालकानें बाजारासाठीं तबकडी मागितली तेव्हां मोठा ताफा पुन्हां एकत्र बसविण्याची संधि तेवढ्या निमित्तानें मिळत होती.

बिग बँड म्हणजे साधारण चार ट्रंपेट, तीन-चार ट्राँबोन, पांच सॅक्सोफोन, आणि ताल धरण्यास पियानो, गिटार, बास व ड्रम्स. १९३० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत अमेरिका अशा ताफ्यांवर नाचली. दुसऱ्या महायुद्धानंतर इतक्या माणसांचे पगार परवडेनासे झाले आणि बहुतेक ताफे बंद पडले. हा ताफा म्हणजे शक्तीचें प्रदर्शन. एका गिटारीवर आणि अर्ध्या आवाजावर उभें असलेलें संगीत या पहिलवानाच्या हातीं द्यावयाचें, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यांत अंगाई म्हणण्यासारखें झालें.

जोन्सनें प्रथम पितळेचा आवाज मवाळ केला. ट्रंपेटच्या तोंडाशीं बुचें बसविलीं, म्हणजे तो आवाज नाकांतून बोलल्यासारखा, दूरचा होतो. तुंबलेली मोरी मोकळी करण्याची रबरी वाटी अमेरिकन वादक वाद्याच्या तोंडापुढें धरून हालवितात व त्याच्याकडून 'वा-वा' असे मनुष्यासारखे उद्गार काढतात. जाझच्या इतिहासांत त्या वाटीला मोठा मान आहे. टेरीच्या हातीं ट्रंपेटशिवाय फ्लूगलहॉर्न हें त्याचें अधिक गोल, अधिक पोकळ आवाजाचें भावंड होतें. ज्यूलियस वॉटकिन्सचा फ्रेंच हॉर्न होता. वरच्या बाजूस बासऱ्या ठेवल्या, अगदीं खालीं ॲलन राफचा खर्जाचा ट्राँबोन. मधला प्रदेश पुष्कळसा मोकळा सोडला. मोठ्या ताफ्यांत मोकळी जागा सोडणें याला धैर्य लागतें, कारण बसून राहिलेल्या वादकालाहि पगार द्यावा लागतो.

ताल मात्र त्यानें मवाळ केला नाहीं, आणि येथेंच या तबकडीचें मर्म आहे. जिल्बेर्तोनें मिरवणूक गिटारींत कोंडली होती. जोन्सनें ती पुन्हां रस्त्यावर आणली. ड्रम्सवर रूडी कॉलिन्स, बासवर क्रिस व्हाइट, पियानोवर शिफ्रिन, हे तिघे गिलेस्पीबरोबर वाजवून या तालांत मुरलेले. शिवाय आणखी तीन तालवादक. 'सोल बॉसा नोव्हा' ऐकूं लागावें तों प्रथम कुईका खिदळते. जिल्बेर्तोच्या सदनिकेंत तिला कोणीं उंबरठा ओलांडूं दिला नसता. मग बासऱ्या एक लहानशी, खोडकर चाल घेऊन येतात आणि खालून ट्राँबोन त्यांना जाडसर आवाजांत उत्तर देतात. मध्यें रोलंड कर्क एकट्यानें बासरी वाजवितो. हा अंध कलावंत एकाच वेळीं तीन सॅक्सोफोन तोंडांत धरून वाजवीत असे. बासरींत फुंकतां फुंकतां गळ्यानें गुणगुणणें हीहि त्याचीच लकब. सारी रचना पावणेतीन मिनिटांची, आणि ती आपण वीस मिनिटांत लिहिली, असें जोन्स सांगे. वीस मिनिटांत ती लिहून झाली असेल. तयार होण्यास १९५६ पासूनचा काळ लागला होता.

नांवांतील 'सोल' या शब्दाकडे दुर्लक्ष करूं नये. अमेरिकेंतील कृष्णवर्णी लोकांच्या चर्चमधील गायनाचा आणि ब्लूजचा जो भावगर्भ बाज, त्याला त्या काळीं हें नांव पडलें होतें. म्हणजे शीर्षकांतच कबुली आहे, कीं हा बॉसा नोव्हा ब्राझीलचा नव्हे, आमच्या घरचा आहे. ज्या आफ्रिकन माणसांना गुलाम करून जहाजांनीं दोन वेगवेगळ्या किनाऱ्यांवर उतरविलें, त्यांच्या वंशजांपैकीं एका बाजूला सांबा झाला आणि दुसऱ्या बाजूला ब्लूज. जोन्सनें रिओच्या मध्यमवर्गाच्या बैठकीला वळसा घालून थेट त्या जुन्या नात्याशीं बोलणें सुरू केलें. चार्ल्स मिंगसची 'बूगी स्टॉप शफल' ही धडधडती ब्लूज रचना त्यानें याच तबकडींत 'बूगी बॉसा नोव्हा' म्हणून घेतली आहे. कागदावर हा जोड विसंगत वाटतो. कानाला तो मुळींच खटकत नाहीं.

ब्राझीलचीं खरीं गाणीं तबकडींत आहेत, पण तीं एका तोलाचीं उतरलेलीं नाहींत. 'देसाफिनादो' या जोबिमच्या गाण्याचा अर्थ 'बेसूर'. प्रेयसी म्हणते, तूं बेसूर गातोस. आणि गायक ज्या ठिकाणीं ही तक्रार सांगतो नेमक्या त्याच ठिकाणीं चाल एका अनपेक्षित, कानाला चमकविणाऱ्या स्वरावर जाऊन बसते. ही थट्टा शब्दांवांचून कळत नाहीं, आणि सफाईनें वाजविणाऱ्या ताफ्याला बेसूर होणें तर जमतच नाहीं. त्यामुळें उरते ती एक गोड चाल. ज्यानें जोबिमबरोबर हें गाणें रचलें तो न्यूटन मेंदोन्सा हें सारें पाहावयास उरला नव्हता. १९६० सालीं, वयाच्या तेहतिसाव्या वर्षीं, तो हृदयविकारानें गेला. अमेरिकेंतील लोकांच्या ओठांवर त्याचीं दोन गाणीं आलीं तेव्हां त्याला जाऊन दोन वर्षें होत आलीं होतीं.

त्या दोहोंपैकीं दुसरें, 'एका स्वराचा सांबा', ताफ्याला फार चांगलें मानवलें आहे. यांत गायक बराच वेळ एकच स्वर धरून राहतो आणि खालचे स्वरसमूह पायरी पायरीनें बदलत जातात, त्यामुळें तोच स्वर दर वेळीं वेगळ्या रंगाचा भासतो. आपल्या मैफलींत तंबोरा स्थिर असतो आणि गाणारा हिंडतो. येथें गाणारा स्थिर आहे आणि तंबोराच हिंडत आहे, असें म्हटलें तर हिंदुस्थानी संगीताच्या श्रोत्याला त्यांतली मौज कळेल. हिंडणारी बाजू एका गिटारीऐवजीं पंधरा वाद्यांच्या हातीं दिल्यावर ते रंग अधिक स्पष्ट होतात. दोन मिनिटांत तें संपतें आणि आणखी हवें होतें असें वाटतें.

लुईस बोन्फाचें 'मान्यां द कार्नावाल' हें गाणें १९५९ च्या 'ऑर्फिउ नेग्रो' या चित्रपटामुळें आधींच जगभर गेलें होतें. कार्निव्हलच्या सकाळचा विषाद त्यांत आहे, आणि बूच लावलेल्या पितळेला विषाद शोभतो. 'माय फेअर लेडी' या नाटकांतील एक गाणें आणि लेरॉय अँडरसनचें 'सेरेनाटा' यांना ब्राझीलचा पोषाख चढविला आहे तो कंपनीच्या सोयीसाठीं. तीं नीटनेटकीं आहेत, याहून अधिक त्यांविषयीं बोलण्याची गरज नाहीं.

ताफ्यांतील एका नांवापाशीं मराठी वाचक क्षणभर थांबेल: पॉल गोन्साल्विस. एलिंग्टनच्या ताफ्यांतला हा सॅक्सोफोनवादक गोव्याचा नव्हे. त्याचे आईबाप आफ्रिकेजवळच्या केप व्हर्दे बेटांतले. तेंहि पोर्तुगीज सत्तेखालचें, म्हणून आडनांव तेंच. ज्या पोर्तुगीज दर्यावर्दींनीं ब्राझीलला भाषा दिली त्यांनींच गोव्याच्या चर्चशाळांतून पाश्चात्त्य स्वरलिपि शिकविली, आणि तेथून आलेल्या वादकांनीं मुंबईच्या हॉटेलांतले जाझचे ताफे व चित्रपटांचे वाद्यवृंद भरून काढले. बॉसा नोव्हा मुंबईंत उतरला तेव्हां त्याला ओळखणारीं माणसें स्टुडिओंत बसलेलींच होतीं. १९६६ च्या 'पति पत्नी' या चित्रपटांत राहुल देव बर्मन यांनीं आशा भोसले यांच्याकडून गाऊन घेतलेलें 'मार डालेगा दर्द-ए-जिगर' हें हिंदी चित्रपटांतील बॉसा नोव्हाचें आरंभींचें उदाहरण म्हणून जाणकार दाखवितात.

जिल्बेर्तोचें गाणें ज्यांच्या कानांत मुरलें आहे, त्यांना जोन्सच्या तबकडींत आत्मा हरवला असें वाटेल, आणि त्यांचें म्हणणें खोडून काढण्यासारखें नाहीं. एका माणसानें एका माणसाशीं बोलावें, हा त्या संगीताचा धर्म. ताफा बोलतो तो सभेशीं. मात्र त्या वर्षीं लाटेबरोबर निघालेल्या कित्येक तबकड्यांनीं मूळ संगीताची कुजबुज उसनी आणण्याचा यत्न केला आणि त्यांची नक्कल लवकर शिळी झाली. जोन्सनें जेथें नक्कल केली तेथें तोहि सामान्य ठरला आहे. जेथें त्यानें स्वतःच्या घरचें कांहीं त्या सुरांत ओतलें, तेथें ताफा आजहि ताजा वाजतो. १९९० सालीं कॅनडांतील ड्रीम वॉरियर्स या गायकांनीं 'सोल बॉसा नोव्हा'चे तुकडे घेऊन त्यावर आपलें तालबद्ध बोलणें बसविलें. त्यांनाहि हवा होता तो त्यांतला ताल आणि ती कुईका.

जोन्सचें कर्ज पुढें फिटलें. १९६३ सालीं लेस्ली गोर या किशोरवयीन मुलीकडून त्यानें गाऊन घेतलेलें 'इट्स माय पार्टी' देशभर गाजलें; १९६४ सालीं मर्क्युरीनें त्याला उपाध्यक्ष केलें, आणि गोऱ्यांच्या मालकीच्या एवढ्या मोठ्या कंपनींत त्या पदावर कृष्णवर्णी मनुष्य दिसणें ही तेव्हां नवलाची गोष्ट होती. त्यानंतरचा चित्रपटसंगीताचा आणि मायकेल जॅक्सनच्या तबकड्यांचा इतिहास सर्वश्रुत आहे. १९७४ सालीं मेंदूंतील रक्तवाहिनी फुटून तो मरतां मरतां वांचला. शस्त्रक्रिया झाल्या, आणि पुन्हां ट्रंपेट फुंकूं नये अशी वैद्यांची ताकीद मिळाली. वाजविण्याचा ताण त्या डोक्याला सोसणारा नव्हता. ३ नोव्हेंबर २०२४ रोजीं, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षीं, लॉस एंजेलिस येथें त्याचा अंत झाला.

१९६२ च्या तबकडींतहि त्याचा स्वतःचा ट्रंपेट नाहीं. तो ताफ्यापुढें हात हालवीत उभा होता. वाजवावयास बसला होता तो क्लार्क टेरी, सिएटलमध्यें पहांटे उठून शिकविणारा.